घागरीतलं पाणी, माठातलं पाणी: निसर्गातली गोष्ट कला असू शकते का?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आमच्या खानदेशातल्या पारोळ्याकडच्या घरात दोन ठिकाणी पाणी भरलेलं असायचं. एक नेहमीचा माठ, आणि दुसरी नवीन लाल घागर, गळ्याला दोरा गुंडाळलेली, तिच्या तोंडावर छोटं मडकं आणि त्यावर डांगर, म्हणजे तुमच्याकडे ज्याला खरबूज म्हणतात ते. दोन्हीत पाणी एकाच विहिरीचं, एकाच हंड्यातून ओतलेलं. लहानपणी एकदा उन्हातून आलो आणि माठ सोडून सरळ घागरीकडे हात घातला, तर मोठमाय, म्हणजे माझी आजी, एकदम ओरडली, "ते नको पेऊ रे, पितरसनं पानी शे ते!" मी दोन्हीकडे बघत राहिलो. पाणी तर तेच होतं की. मग फरक कुठे होता?

पुढे मोठा झाल्यावर कलेबद्दल थोडंफार वाचायला लागलो तेव्हा कळलं की जगातल्या मोठमोठ्या गॅलऱ्यांमध्ये आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गांमध्ये जवळपास याच प्रश्नावर भांडणं झालीत. पाणी, दगड, बर्फ, वाहून आलेलं लाकूड, या गोष्टी कुणी बनवलेल्या नाहीत, मग त्यांना कला म्हणता येतं का? आणि म्हणता येत असेल तर कधी? विषय वाटतो तेवढा पुस्तकी नाहीये, म्हणून इथे साध्या भाषेत मांडायचा प्रयत्न करतो.

आधी एक गल्लत दूर करू, कारण नव्वद टक्के वाद तिथेच होतो. पावसाळ्यात कुणीतरी धबधब्याचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, निसर्गासारखा कलाकार नाही. यात "सुंदर" आणि "कला" हे दोन शब्द एकच धरलेत. पण ते एक नाहीत. तापीवरचा सूर्यास्त सुंदर असतो, तो कुणी केलेला नसतो. उलट एखादं चित्र अगदी फसलेलं, बघवणार नाही असं असलं तरी ते चित्रच असतं, वाईट कला असते पण असते कलाच. म्हणजे सुंदर आहे म्हणून कला, हे दोन्ही बाजूंनी चालत नाही. प्रश्न सुंदर आहे की नाही हा नाहीच, प्रश्न वेगळा आहे.

आपल्याकडे कला हा शब्द पूर्वी बराच मोकळा होता हेही बघा. कामसूत्रात ६४ कलांची यादी येते, तिच्यात गाणं, नाचणं, चित्र यांच्या जोडीला उदकवाद्य आहे, म्हणजे पाण्यावर हातानं थाप मारून वाद्यासारखा नाद काढायचा, आणि उदकाघात पण आहे, पाणी उडवण्याचं कौशल्य. म्हणजे पाणी कलेत फार जुन्या काळापासून आहे. पण लक्षात घ्या, यादीत "पाणी" नाहीये, पाण्याचं काहीतरी करणं आहे. थाप मारणारा हात आहे. तो हात काढला की उरते ती नदी.

आता गॅलरीत जाऊ. मायकेल क्रेग-मार्टिन नावाच्या कलाकाराची १९७३ ची एक कलाकृती आहे. भिंतीवर माणसाच्या डोक्याच्याही वर एक काचेची फळी, फळीवर पाण्याचा साधा ग्लास, आणि सोबत प्रश्नोत्तरांचा एक छापील मजकूर. कलाकृतीचं नाव आहे "एक ओक वृक्ष". मजकुरात तो ठामपणे सांगतो की या ग्लासचं मी पूर्ण वाढलेल्या ओकच्या झाडात रूपांतर केलंय, फक्त दिसणं बदललेलं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता, खरं सांगतो. पण हा माणूस कॅथलिक वातावरणात वाढलेला, आणि चर्चमध्ये ब्रेड आणि वाइन दिसायला तशीच राहून ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात अशी त्यांची श्रद्धा असते, तिथून ही कल्पना आली हे कळलं आणि मला एकदम आमची घागर आठवली. पाणी तेच, पण आता ते पितरांचं. डोळ्यांना काही वेगळं दिसत नाही, तरी घरातलं प्रत्येक माणूस वेगळं वागतं.

या ग्लासची पुढची गोष्ट तर फारच बोलकी आहे. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय गॅलरीनं ही कलाकृती विकत घेतली, आणि ती देशात आणताना तिथल्या अधिकाऱ्यांनी अडवली, कारण कागदावर लिहिलं होतं झाड, आणि बाहेरची झाडंझुडपं देशात आणायला बंदी. शेवटी कलाकाराला सांगावं लागलं की अहो हा पाण्याचा ग्लास आहे.

मग या कलाकृतीत पाणी हे कला आहे का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. ते पाणी ओतून दुसरं भरलं तरी कलाकृती तीच राहते. ऑस्ट्रेलियातलं पाणी भरा नाहीतर आमच्या गिरणा नदीचं भरा, काही फरक पडत नाही. पण तो मजकूर काढून टाका, ग्लास खाली टेबलावर ठेवा, आणि मग तिथे काहीच उरत नाही, तहान लागलेला माणूस पिऊन टाकेल. म्हणजे कला पाण्यात नव्हती, पाण्याभोवती जी मांडणी केली, जो दावा केला, आणि बघणाऱ्याला जो विचार करायला लावला, त्यात होती. अमेरिकन तत्त्वज्ञ आर्थर डांटो यांनी १९६४ मध्ये हाच मुद्दा मांडला की दोन वस्तू दिसायला अगदी सारख्या असून एक कला असू शकते आणि दुसरी नाही, फरक डोळ्यांना दिसत नाही, तो वस्तूभोवतीच्या विचारात आणि इतिहासात असतो. डांटोंनी हे गॅलरीत ठेवलेल्या, दुकानातल्यासारख्याच दिसणाऱ्या साबणाच्या खोक्यांवरून शोधलं. मोठमायला ते घागरीवरून माहीत होतं, तिनं फक्त त्याला सिद्धांत म्हटलं नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं कारण त्यात पाण्याला खरंच काम करू दिलंय. हान्स हाके या जर्मन कलाकारानं १९६० च्या दशकात पारदर्शक प्लॅस्टिकचा एक चौकोनी ठोकळा केला, सगळीकडून बंद, आणि आत तळाला थोडंसं पाणी. बस एवढंच. आता होतं काय, की उजेडानं आतली हवा जरा तापते, पाण्याची वाफ होते, ती वाफ थंड भिंतींना लागून थेंब होतात, थेंब मोठे होतात, ओघळतात, परत तळाला जातात आणि परत वाफ. गरम पोळ्या डब्यात घालून झाकण लावलं की झाकणाला आतून घाम येतो ना, अगदी तेच. खोलीत माणसं जास्त आली, दिवा लागला, पाऊस पडून गारवा आला की थेंबांचं रूप बदलतं. कुठल्याही दोन क्षणांना तो ठोकळा सारखा दिसत नाही.

इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण या एकाच ठोकळ्याच्या आत आपल्या प्रश्नाची सीमारेषा आहे. ठोकळा केवढा करायचा, पाणी किती घालायचं, बंद ठेवायचा, गॅलरीत ठेवायचा, हे सगळं हाकेनं ठरवलं. थेंब कुठे येणार हे मात्र त्यानं नाही ठरवलं, मुद्दाम सोडून दिलं. ठोकळा जर गळका झाला तर आपण म्हणू काम बिघडलं. पण एखादा थेंब डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे आला तर "हा थेंब चुकला" असं कुणी म्हणेल का? म्हणूच शकत नाही.

मला वाटतं इथेच सगळ्यात सोपी कसोटी सापडते. एखाद्या गोष्टीबद्दल "हे चुकलं", "हे अर्धवट राहिलं", "असं का केलं" हे विचारता येतं का? विचारता येत असेल तर तिथे कुणीतरी काहीतरी ठरवलं होतं. येत नसेल तर ती गोष्ट कितीही सुंदर असली तरी आपण कलेबद्दल बोलत नाही आहोत.

ही कसोटी मला पुस्तकात नाही, अजिंठ्यात सापडली. जळगावहून नेरी, पहूर, फर्दापूर करत गेलं की साधारण ६० किलोमीटर. जिल्हा तसा संभाजीनगरचा लागतो, पण आम्हा जळगावकरांना तो आपलाच वाटतो, आणि वाघूर नदी तर तिथून खाली आमच्याकडेच येते आणि तापीला मिळते. या वाघूरनं तिथे घोड्याच्या नालेच्या आकाराची दरी कोरलीय. कडा जवळपास ७६ मीटर उंच. आणि त्याच दरीच्या त्याच कड्यात, त्याच काळ्या दगडात, माणसांनी जवळपास ३० लेणी कोरली, काही इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपास आणि बरीचशी पुढे पाचव्या शतकात वाकाटकांच्या काळात. दगड एक, जागा एक. नदीनं पण कोरलं, माणसानं पण कोरलं. यापेक्षा चांगली तुलना जगात कुठे मिळेल असं मला वाटत नाही.

२४ नंबरच्या लेण्यात जा. फार लोक जात नाहीत तिथे, कारण चित्रं नाहीत, गाईड पण पुढे घेऊन जातात. हे लेणं अर्धवट राहिलंय. पूर्ण झालं असतं तर इथल्या सगळ्यात मोठ्या विहारांपैकी एक झालं असतं. काही खांब नुसते जाड ओबडधोबड ठोकळे आहेत, काहींचा आकार निघायला लागलाय आणि तिथेच काम थांबलंय. भिंतीला हात न लावता जवळून बघा, छिन्नीचे तिरपे घाव ओळीनं दिसतात, प्रत्येक घाव एकेका माणसाच्या हाताचा. काम छतापासून खाली खाली येत गेलेलं समजतं, कारण वरचा भाग जास्त झालाय आणि खाली अजून दगड शिल्लक आहे. तिथे उभं राहिलं की आपोआप मनात येतं, अरे, इथे पुढचा खांब असा होणार होता. कुणाच्या तरी डोक्यात अख्खं लेणं तयार होतं आणि दगडात ते यायचं राहून गेलं.

आणि मग बाहेर येऊन समोरच्या दरीकडे बघा. तिच्यात अर्धवट काही नाहीये. वाघूर आजही झिजवतेय, हजारो वर्षांनी दरी आणखी खोल होईल, पण म्हणून आजची दरी अपूर्ण आहे असं म्हणता येत नाही. नदीच्या मनात शेवटचा आकार कुठे होता? तिला उतार मिळाला, ती वाहिली. दरी झाली. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या नादात ही लेणी दिसली आणि त्यानं १० नंबरच्या लेण्यात आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्याबद्दलही आपण म्हणतो की चुकलंच त्याचं, असं करायला नको होतं. नदीबद्दल हे वाक्य जिभेवर येत नाही.

युनेस्कोनं १९८३ मध्ये अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत घेतला तेव्हा माणसाच्या प्रतिभेचं, संस्कृतीचं काम म्हणून घेतला, सांस्कृतिक वारसा या गटात. नैसर्गिक वारशाचा गट वेगळा असतो, त्यात पश्चिम घाट २०१२ मध्ये गेला. दोन्ही वारसेच, दोन्हीला मान सारखाच, पण खाती वेगळी.

आता कुणी म्हणेल की देवाची करणी अन् नारळात पाणी, हे विसरलात का? मुळीच नाही, हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. आपल्या भाषेतच ही गोष्ट बसलेली आहे, नारळातलं पाणीसुद्धा कुणाची तरी करणी आहे. ज्याची अशी श्रद्धा आहे त्याच्यासाठी दरी, नदी, पाणी हे सगळं कुणीतरी केलेलंच आहे, म्हणजे कर्ता आहे. ही श्रद्धा मी घरात बघत मोठा झालोय, तिला मी हलकं म्हणणार नाही. पण तिथेही बघा, देवाच्या करणीला आपण हात जोडतो, तिचं परीक्षण करत नाही. चित्रकाराला आपण म्हणतो की हा रंग जरा भडक झाला, तुझं मागचं काम बरं होतं, तू हे कुणाकडून शिकलास. देवाला नारळाबद्दल असं कुणी विचारत नाही. म्हणजे कर्ता मानला तरी आपला वागण्याचा सूर वेगळाच राहतो, तो कलेसमोरचा सूर नसतो.

आणि यासाठी आपल्याकडे फार चांगला शब्द आहे, स्वयंभू. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला नर्मदा वाहते, त्या नर्मदेत पाण्यानं घासून घासून गुळगुळीत झालेले जे लांबट दगड मिळतात त्यांना बाणलिंग म्हणून पुजतात, आणि त्यांची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही असं मानतात. घडवलेल्या मूर्तीची करावी लागते. कुणीही बाणलिंगाला शिल्पकलेचा उत्तम नमुना म्हणत नाही, आणि म्हणून ते कमीही होत नाही, उलट त्याचा मान वरचा. म्हणजे "घडवलेलं" आणि "आपोआप झालेलं" हे दोन वेगळे ठेवायचे आणि दुसऱ्याला कमी लेखायचं नाही, हे आपल्या लोकांनी कधीच करून ठेवलंय.

मधली प्रकरणं मात्र खरोखर अवघड आहेत. समजा तापीच्या पुरात वाहून आलेलं एक लाकूड तुम्हाला सापडलं, पाण्यानं असं वळवलेलं की जणू मान वाकवून बसलेली म्हातारी. तुम्ही ते घरी आणून भिंतीवर लावलं. आता ती कला झाली का? १९५६ मध्ये मॉरिस वाइट्झ या अभ्यासकानं नेमकं वाहून आलेल्या लाकडाचंच उदाहरण घेऊन सांगितलं की कलाकृती कुणी घडवलेलीच असली पाहिजे असं नाही. जॉर्ज डिकी या तत्त्वज्ञांनी उलट बाजू लावून धरली, घडवलेली असलीच पाहिजे, आणि मग लाकडाचं काय करायचं यावर त्यांनी स्वतःचंच मत पुढे बदललं: आधी म्हणायचे नुसतं भिंतीवर लावलं तरी चालेल, नंतर म्हणाले की उचलून, मांडून, माध्यम म्हणून वापरलं तर ते लाकूड नुसतं लाकूड राहत नाही. मला दुसरं पटतं. जपानमध्ये नदीतले दगड न कोरता, फक्त निवडून, त्यांना बरोबर बसेल अशी लाकडी बैठक करून मांडायची जुनी परंपरा आहे, सुइसेकी म्हणतात तिला. दगड निसर्गाचा, पण निवड चुकू शकते, बैठक चुकू शकते. आपली कसोटी तिथे लागू पडते.

कायद्याची भाषा कोरडी असते पण ती पण जवळपास इथेच येते. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या नियमावलीत स्पष्ट दिलंय की समुद्रानं घासून गुळगुळीत केलेल्या लाकडावर कॉपीराइट मिळणार नाही, कारण ते माणसानं केलेलं नाही. आणि शिकागोमध्ये चॅपमन केली या चित्रकारानं १९८४ मध्ये एका पार्कमध्ये दोन मोठ्या लंबगोल वाफ्यांत रानफुलांची बाग लावली होती, पुढे ती छाटून लहान केली गेली तेव्हा तो कोर्टात गेला की ही माझी कलाकृती आहे. २०११ मध्ये कोर्टानं सांगितलं की बागेला कॉपीराइट नाही, कारण झाडं आपली आपण वाढतात, रूप सतत बदलतं, ते निसर्गाच्या हातात जास्त आहे. मला हा निकाल थोडा टोचतो. कारण बाग लावणारा माणूस चुकू शकतो, त्याला "असं का लावलं" विचारता येतं. कोर्टाला पक्की, स्थिर वस्तू हवी होती, आणि पाणी, झाडं, बर्फ या गोष्टी स्थिर नसतात हीच तर त्यांची खुबी. २०१५ मध्ये पॅरिसला हवामान परिषद चालू असताना ओलाफुर एलियासन या कलाकारानं ग्रीनलंडहून आणलेले बर्फाचे १२ मोठे तुकडे चौकात घड्याळासारखे गोल मांडले आणि वितळू दिले. लोक हात लावून बघत होते. वितळून गेल्यावर काही उरलं नाही, पण ते काम झालं होतं.

मग निसर्ग कला नाही म्हटल्यावर त्याच्याकडे बघायचं कसं? इथे तत्त्वज्ञांनी बराच काळ निसर्गाला वाऱ्यावर सोडलं होतं. जर्मन तत्त्वज्ञ हेगेल तर कलेतलं सौंदर्य निसर्गातल्या सौंदर्यापेक्षा वरचं मानायचे, कारण ते माणसाच्या मनातून आलेलं. मला हे अजिबात मान्य नाही. १९६६ मध्ये रोनाल्ड हेपबर्न या स्कॉटिश अभ्यासकानं या दुर्लक्षाबद्दल एक लेख लिहिला आणि एक साधी गोष्ट दाखवून दिली, चित्राला चौकट असते, निसर्गाला नसते. चित्रासमोर आपण उभे राहतो, निसर्गाच्या आत उभे असतो. वारा लागतो, पायाखाली चिखल असतो, मागून आवाज येतो, हे सगळं त्या अनुभवाचा भाग असतं. धबधब्याला कला म्हणायचा नाद लागला की आपण नकळत त्याला चौकटीत बसवतो, मोबाइल आडवा धरतो, एक फ्रेम घेतो आणि निघतो. पुढे ॲलन कार्लसन या तत्त्वज्ञांनी त्यात भर घातली की चित्र समजायला जशी चित्रकलेची माहिती लागते तशी निसर्ग समजायला निसर्गाची माहिती लागते, भूगर्भाची, पाण्याची, झाडांची.

आणि सौंदर्य म्हणजे नक्की काय यावर मराठीत ज्यांनी सर्वात नेटानं विचार केला ते बा. सी. मर्ढेकर जन्मानं आपल्या फैजपूरचे, १९०९ चे, हे खानदेशातल्या फार कमी लोकांना माहीत असतं याचं मला वाईट वाटतं. त्यांची मांडणी लयीवर उभी आहे, संवाद, विरोध आणि समतोल. रंगाला रंगाची साथ असते, एकाला दुसऱ्याचा विरोध असतो, आणि या सगळ्यांचा तोल साधला जातो. अजिंठ्याच्या दरीत उभं राहून हे तीन शब्द मी वापरून बघितलेत, आणि मला ते दरीला पण लागू पडताना दिसले, काळा कडा आणि त्यावर पांढरी धार हा विरोध, एकामागे एक येणाऱ्या आडव्या थरांचा संवाद. लय दरीत होती. ती लय कुणी बांधलेली नव्हती, एवढाच लेण्याशी फरक.

ते आडवे थर म्हणजे लाव्हाचे थर आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेले आणि गोठलेले. कठीण थर टिकतो, मऊ थर आधी झिजतो, म्हणून पाणी टप्प्याटप्प्यानं उड्या मारत खाली येतं. अजिंठ्याचा सप्तकुंड धबधबा असाच सात टप्प्यांत उतरतो. श्रावण भाद्रपदात चांगला पाऊस झाला असेल तेव्हा जा, लेणी बघून झाली की लगेच गाडीकडे पळू नका, शेवटच्या लेण्यांच्या बाजूला जाऊन थोडा वेळ नुसते उभे राहा. पाण्याचा आवाज आधी येतो, मग तुषार तोंडावर येतात, चष्मा असेल तर धुरकट होतो. तेच पाणी पुढे वाघूर धरणात साठतं आणि जळगावात आमच्या नळाला येतं. पावसाळ्यात पहिली धार थोडी मातकट असते, ती बादलीत धरून ठेवली की तासाभरात तळाला बारीक काळसर गाळ बसतो, बोटांनी चोळला तर कणकण लागतो.